तो मुरूम नव्हता, रावजीदादा

रावजीदादा, तुझ्या दिवसकार्याला मला मळमळलं. जेवणाचा काही दोष नाही. जिवलीने केलेला भात आणि उडदाची आमटी चांगली होती, तुझी सून हाताने कंजूष नाही. मळमळलं ते भाषणाने.

दिवसकार्याला भाषण! जिथे बसून तू पहारीला टोक काढायचास त्या अंगणात चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला एक पुढारी मोखाड्याहून गाडीने आला होता. तू त्याला ओळखत नव्हतास, तोही तुला ओळखत नव्हता. त्याने दोनदा तुझं नाव रामजी घेतलं. कुणीतरी मागून चूक सांगितली तेव्हा म्हणाला, "तेच ते." मग त्याने तुला थोर केलं, डोंगराचा सुपुत्र केलं, आणि तू एवढा थोर झाल्यावर मुद्द्यावर आला. "वरच्या झिऱ्याचं पाणी गेलं म्हणून काही लोक रस्त्याच्या कामाला दोष देतात. अहो, पृथ्वी चक्रावर चालते! हिमयुगं आली, गेली. ज्वालामुखी आले, विझले. तिथे एक झरा म्हणजे काय? हे मी नाही म्हणत, आपल्या कॉलेजच्या भूगोलाच्या मॅडम म्हणतात. त्या इथेच बसल्यात."

सगळा पाडा माझ्याकडे वळला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, दिवसकार्याला! मग त्याच्या माणसाने पाण्याच्या सीलबंद बाटल्या वाटल्या. ज्या पाड्यावर बायका दोन डोंगर उतरून हंडा आणतात तिथे बाटल्या वाटल्या, आणि गाडी गेल्यावर त्या रिकाम्या बाटल्या तुझ्या कुडाच्या भिंतीशी लोळत राहिल्या. मीही एक बाटली प्यायले, दादा. तहान लागली होती. हे तुला सांगितलंच पाहिजे.

अजून एक सांगायचं आहे. बावीस वर्षं मी तुला तुम्ही म्हणत आले आणि तू मला पहिल्या दिवसापासून तू. तू तहसीलदारालाही तू म्हणायचास, कारण तुझ्या घरच्या बोलीत माणसाला दुसरं काही म्हणतच नाहीत. एकदा म्हणालास, "बाय, तू मना तुमी म्हनतंस तवा मना वाटतं, माझे मागं आनखी कोन उभा हाय." मी हसले आणि तुम्हीच म्हणत राहिले. शिकलेल्या माणसाला आदर दाखवायची फार हौस असते, त्यात अंतर आपोआप राखलं जातं. आता तू नाहीस, तेव्हा अंतर राखून मी करू तरी काय? तू.

आपली पहिली भेट साखरशेतला, आठवते? मी जव्हारच्या कॉलेजात नवीन लागले होते. कुठे विहीर खणली जातेय असं कळलं की मी पिशवी घेऊन पोचायची, कारण खणलेल्या दगडात पांढऱ्या गारगोट्या सापडतात आणि माझ्या वर्गात दाखवायला एकही नव्हती. तिथे नाचणीच्या शेताच्या कडेला खड्डा होता आणि खड्ड्यातून तू वर आलास. कमरेला पंचा, अंगभर दगडाची धूळ, हातात तांबड्या मातीचं ढेकूळ. वर आलास तसा ते ढेकूळ तू जिभेला लावलंस.

"शी!" मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मी तुझ्याशी बोललेला पहिला शब्द तो आहे.

तू रागावला नाहीस. ढेकळाचा एक तुकडा मोडून माझ्यापुढे धरलास. "शी काय? जीभ लाव. चिकटली तर राखन, सुटली तर मुरूम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण नवी नोकरी होती आणि उत्साह होता, म्हणून लावली. चिकटली. सोडवताना जीभ जराशी ओढावी लागली, आणि तुझ्या तोंडावर असं समाधान पसरलं की जणू मीच परीक्षेत पास झाले.

राखण. हा शब्द मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. तो तुझ्या बापाचा, त्याच्या बापाचा. जमीन नसलेली तुमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या जमिनीत विहिरी खणत आली आणि हा शब्द त्या खड्ड्यांतच राहिला. काळ्या खडकांच्या दोन थरांमध्ये हातभर, कधी पुरुषभर जाडीचा हा तांबडा पट्टा असतो. शेताची राखण करतात तशी तो वरच्या पाण्याची राखण करतो, ते खाली जाऊ देत नाही. "मुरूम पानी पितो," तू म्हणालास. "ही पीत नाय, राखते." आणि तुमचा नियमही सांगितलास. खणताना राखण लागली की पहार थांबवायची. त्या दिवशी तिच्यावर मूठभर तांदूळ ठेवायचे, पाया पडायचं आणि वर यायचं. मालक कितीही म्हणाला तरी खाली जायचं नाही. "राखन फोडली तं पानी खाली जाता. आनि खालचा पानी आपला नाय."

मी तुला पुस्तकातली गोष्ट सांगितली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा आला, पसरला, थिजला. मग फार मोठा काळ काहीच झालं नाही. त्या शांततेत वरचा खडक कुजून माती झाली, पाऊस पडला, झाडं आली, किडेमुंग्या आल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून तांबडी झाली. असं किती वेळा तरी झालं. आपला इथला सूर्यमाळचा डोंगर म्हणजे तीच उतरंड. मुलांना समजावं म्हणून मी त्या तांबड्या पट्ट्याला मधली सुट्टी म्हणायची. तुला ते फार आवडलं. मुलांना डोंगर दाखवायला आणलं की तूच पुढे होऊन पहारीने पट्टा दाखवायचास, "ही बगा, बाईची मधली सुट्टी," आणि मग हळूच म्हणायचास, "आपुन पन सुट्टीतच हाव. घंटा कोन वाजवल, ठावा नाय."

किती भांडलो आपण त्या डोंगरावर. भांडण नेहमी एकाच गोष्टीवर यायचं. माझं तोंड उघडलं की लाख आणि कोटी बाहेर पडायचे. अमुक लाख वर्षांचं हिमयुग, तमुक कोटी वर्षांचा खडक. तू बिडी विझवून म्हणायचास, "बाय, तुना लाखाचे खाली मोजता येत नाय." मुलं खो-खो हसायची. मीही हसायची. खरं बोललेलं हसण्यावारी नेणं फार सोपं असतं.

एकदा मी चक्रं समजावत होते. पृथ्वीचा आस कसा कमी-जास्त कलतो, सूर्याभोवतीची वाट कशी जराशी बदलते, त्यामुळे बर्फ कसा वाढतो आणि वितळतो. तू विचारलंस, "चाक हाय तं हाकतं कोन?" मी म्हटलं, कुणी नाही, आपोआप. "मंग आता एवढं जोरात का फिरतं?" मी म्हटलं, आता माणसाच्या धुराने आपणच ढकलतोय. तू लगेच म्हणालास, "मंग चक्र नको म्हनू. ढकलनारा म्हन." वर्गात मी हे वाक्य कधी सांगितलं नाही. माझ्या टिपणांत 'ढकलणारा' नावाचा मुद्दा नव्हता.

आणि ते महाविनाश! पृथ्वीवर पाच वेळा बहुतेक जीव संपले, हे मी बोटांवर मोजून सांगायची, आपल्या घरातल्या लग्नांची यादी सांगावी तशा थाटात. पाचव्या वेळी इथला लाव्हा वाहत होता आणि त्याच सुमारास आकाशातून एक प्रचंड धोंडा आपटला. लाव्ह्याचा दोष किती आणि धोंड्याचा किती, यावर विद्वान अजून वाद घालतात. "म्हंजे अजून पंचनामा नाय झाला?" तू विचारलंस, आणि मला हसू आवरेना. मग तू गंभीर झालास. "मरनाऱ्याला कुठं ठावा होता, का तो पाचव्यात हाय? त्याला तेवढाच ठावा, का पानी नाय." उरलं कोण, असं तू विचारलंस. मी म्हटलं, लहान जीव, बिळात राहणारे, मिळेल ते खाणारे. "म्हंजे आमी. आनि खेकडा उरला का?" उरला, मी म्हटलं. "मंग बरा हाय," तू म्हणालास, आणि खोकला येईपर्यंत हसलास. पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे मीठ-मिरचीत शिजवून तू मला खाऊ घातलेस ते आठवतं. त्याची चव मला पुस्तकातल्या पाचही विनाशांपेक्षा चांगली आठवते.

आता ती गोष्ट. ती मी कुणाला पूर्ण सांगितलेली नाही, तुला माहीत आहे, पण तुझ्याशीही कधी सरळ बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी, होळीच्या आधी, रस्ता रुंद करायला मुरूम हवा होता. रस्ता तुलाही हवा होता. आजारी माणसाला झोळीत घालून उतरवायचे दिवस तू पाहिलेले. तू फक्त एवढंच म्हणत होतास, की खरा मुरूम पलीकडच्या टेकडीला आहे, तिथून न्या. पण पलीकडची टेकडी लांब, आणि वरच्या झिऱ्यामागचा उतार रस्त्याला लागून. तिथली माती तांबडी, मऊ, यंत्राला सोपी. महसूल खात्याचे साहेब पंचनाम्याला आले आणि पंच म्हणून कुणी जाणकार हवा, म्हणून मला बोलावलं.

तो दिवस मला नको तितका स्पष्ट आठवतो. मला तिथून पुढे जव्हारला कॉलेजच्या कार्यक्रमाला जायचं होतं. मी रेशमी साडी नेसले होते. साहेब होते, तलाठी होता, ठेकेदाराचा माणूस होता, आणि एका बाजूला तू. साहेबांनी सभ्यपणे विचारलं, "मॅडम, हा मुरूमच ना?" मी काही बोलायच्या आत तू पुढे आलास. उताराच्या कडेचं ढेकूळ काढलंस आणि माझ्यापुढे धरलंस. "बाय, जीभ लाव."

सगळे हसले. साहेबही हसले, पण तोंडावर रुमाल धरून. मी ते ढेकूळ पाहिलं. तुझ्या नखांतली माती पाहिली, साहेबांचे चकचकीत बूट पाहिले, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? एवढ्या माणसांसमोर माती चाटायची? मी काय खेडवळ आहे? राखण आहे हे मला उघड दिसत होतं. जीभ न लावताही दिसत होतं. पण ती राखण आहे असं म्हटलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, कशावरून? आणि मग मला जीभ लावावी लागली असती. म्हणून मी म्हटलं, "हो, मुरूमच म्हणा. लालसर मुरूम." आणि सही केली. तू ढेकूळ सदऱ्याच्या खिशात टाकलंस आणि चालू लागलास.

एका साडीसाठी, दादा. वीस वर्षांची विद्या एका साडीला घाबरली. पैसे खाल्ले असते तर निदान काहीतरी खाल्लं असं म्हणता आलं असतं.

यंत्राने तीन दिवसांत तो उतार खाल्ला. काळ्या खडकापर्यंत तांबडा पट्टा कापून निघाला आणि त्याच वैशाखात वरचा झिरा कोरडा पडला. आधी गढूळ झाला, मग तळाशी वाटीभर उरलं, मग ओल, मग नुसती चिकटलेली पानं. बायका खालच्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. तिथे उन्हाळ्यात वाटीने पाणी काढून हंडा भरावा लागतो. जिवली हंडा भरायला पहाटे जायची आणि ऊन डोक्यावर आलं की परत यायची.

मी त्या उन्हाळ्यात जव्हारला व्याख्यान दिलं. पृथ्वीची दीर्घ हवामानचक्रं, असा विषय. मोखाड्याकडच्या एका तरुणीने प्रश्न विचारला, आमचे झरे का आटतात? मी म्हटलं, पाण्याच्याही येण्याजाण्याच्या फेऱ्या असतात. लाखो वर्षांच्या मापाने पाहिलं तर एक झरा म्हणजे काहीच नाही. टाळ्या पडल्या. ती मुलगी खाली बसली. माझ्या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच मला त्याची जास्त किळस येते. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता येतं. मी खरं बोलून पळाले. तेच वाक्य त्या पुढाऱ्याने उचललं आणि तुझ्या अंगणात, तुझ्या दिवसाला, माझ्याच तोंडावर फेकलं. बरं केलं म्हणते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपलं वाक्य किती घाण आहे ते कळत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तू जव्हारला माझ्या घरी आलास. एसटीने आलास, ओट्यावर बसलास, आत ये म्हटलं तरी आला नाहीस. चहा घेतलास. म्हणालास, आता खालच्या झिऱ्यामागचाही उतार कापणार. कागद तोच, शब्द तोच. "तो शब्द बदल, बाय. तुझा हाय तो."

मी काय काय कारणं दिली! सही झाल्यावर बदलता येत नाही. साहेबांची बदली झाली. कॉलेजात माझी खुर्ची जाईल. तू ऐकत राहिलास. आणि कारणं संपल्यावर मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. म्हटलं, "दादा, मोठ्या कालचक्रात काय फरक पडतो? हा डोंगरही एक दिवस झिजून जाणार. निसर्गाला काही फरक पडत नाही."

"निसर्गाला नाय पडत, खरा हाय," तू म्हणालास. "जिवलीला पडतो." कपबशी खाली ठेवलीस. उठताना एकदाच मागे वळलास. "लाव्हा आला तवा कोनी सही नवती केली, बाय."

मी म्हटलं, "बघते." तुला ठाऊक होतं आणि मलाही. जव्हारच्या कुठल्याही ओट्यावर मोखाड्याच्या माणसाला कुणी बघते म्हटलं, की ते झालंच नाही समजायचं. ते आपलं शेवटचं भांडण. ते अर्धंच राहिलं, कारण मी पुढे बोललेच नाही, आणि तू बोलायला लावलं नाहीस.

मग तुझी छाती धरली. आयुष्यभर खड्ड्यातली धूळ नाकातोंडात गेलेली, ती एकदम वसूल करायला आली. मी रुग्णालयात मोसंबी घेऊन आले. तुझ्या नाकाला नळी होती, डोळे खोल गेले होते, पण हसलास. मी ठरवून आले होते, की आज म्हणायचं, दादा, माझं चुकलं. तू विचारलंस, "पाऊस किती लांब?" आणि मी काय केलं असेल? मी तुला पाऊस सांगू लागले. समुद्र तापणं, वारे फिरणं, तिथून मागे हिमयुगात, हिमयुगात पाऊस कसा हलका झाला होता. श्वास पुरत नसलेल्या माणसाला मी हिमयुग सांगितलं! तू डोळे मिटून ऐकलंस. कागदाचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, विसरलास. आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याइतकी किळस मला कशाचीच येत नाही, त्या पुढाऱ्याचीही नाही.

तीन दिवसांनी तू गेलास.

दिवसकार्याला सगळे पांगल्यावर मी तुझ्या घरात गेले. खुंटीवर तुझा सदरा तसाच होता. जिवलीने तो धुतलाही असेल, पण डाव्या खिशाच्या तळाशी तांबडा डाग होता. राखणीचा डाग सुटत नाही, हे तूच मला साखरशेतला सांगितलं होतंस, माझी पिशवी खराब झाली तेव्हा. मी तिथे उभी राहून रडले. तुझ्यासाठी रडले असं म्हणायला आवडलं असतं.

परवा खालच्या झिऱ्यावर पंचनामा होता. पावसाआधी काम उरकायचं म्हणून घाई. साहेब नवीन होते, बूट तसेच चकचकीत. यंत्र वरच्या वळणावर आणून ठेवलं होतं. झिऱ्याभोवती सात-आठ बायका हंडे घेऊन बसलेल्या, त्यात जिवली. साहेबांनी फाइलमधून जुना कागद काढला. "मॅडम, मागच्यासारखंच ना? मुरूम."

मी उतारापाशी गेले. हाताने निघेना, म्हणून दगडाने ठेचून एक ढेकूळ काढलं आणि सगळ्यांसमोर जिभेला लावलं.

"शी!" ठेकेदाराचा माणूस म्हणाला. साहेबांनी तोंड वाकडं केलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. "मॅडम, चूळ भरा." मी भरली नाही. ढेकूळ जिभेला चिकटलं होतं. हात सोडला तरी ते खाली पडलं नाही. त्या सगळ्यांना ते तसं लोंबताना दिसावं म्हणून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, दादा. पन्नाशी उलटलेली बाई, जीभ बाहेर काढून. मग ओढून काढलं आणि म्हटलं, हा मुरूम नाही. तोही मुरूम नव्हता.

"मग लिहू काय?" साहेब वैतागले. "कागदावर माती, मुरूम, दगड, वाळू एवढंच आहे." मी म्हटलं, माझा जबाब मी माझ्या हाताने लिहिते. लिहिलं: हा तांबडा चिकण थर वरचं पाणी अडवून धरतो. विहीर खोदणारे याला राखण म्हणतात. तो कापला म्हणून वरचा झिरा आटला. हा कापला तर हाही आटेल. मागच्या वेळी मी मुरूम म्हटलं, ते चूक होतं. रावजीने सांगितलं होतं तरी मी जीभ लावून पाहिली नव्हती. खाली सही केली. सगळा कागद तांबड्या बोटांचा झाला.

साहेबांनी तो वाचला, राखण या शब्दावर पेन आपटलं. "असा शब्द नाही, मॅडम." मी म्हटलं, आहे. मग त्यांनी कागद फाइलमध्ये घातला. "वर पाठवतो. बघतो." माझाच शब्द होता, फक्त पुरुषाच्या तोंडी. यंत्र सुरू झालं नाही, पण तिथून हललंही नाही. ते अजून वळणावर उभं आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि मोठं चक्र काढून मी स्वतःची समजूत घालणार नाही.

सगळे गेल्यावर जिवली जवळ आली. तिने वाटीभर पाणी दिलं, खालच्या झिऱ्याचं. मी तोंड धुतलं. मी म्हटलं, जिवली, मी हे आधीच लिहायला हवं होतं. ती हंडा चुंबळीवर नीट बसवत म्हणाली, "तो म्हनायचा, बाय लिवल. नक्की लिवल. पन तिना लाखाचे खाली मोजता येत नाय, मनून टाइम लावल."

ती रागाने बोलली नाही, हसलीही नाही. हंडा उचलला आणि चढाला लागली.

परवा तू गेल्याला अठरा दिवस झाले होते, दादा. मी मोजले.